नर्मदेचे भांडवल : निसर्गपर्यटनाचा व्यवसाय आणि त्याची शास्त्रीय मर्यादा

जबलपूर शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरांवर, नर्मदेच्या काठी, भेडाघाट नावाचे लहानसे गाव आहे. येथे नदी प्रथम धुवांधार नावाच्या धबधब्यावरून खाली कोसळते. तेथे उडणाऱ्या तुषारांचा सतत धूर दिसतो, म्हणूनच धबधब्यास हे नाव मिळाले. त्यानंतर तीच नदी संगमरवरी कड्यांच्या अरुंद घळईत शिरते आणि तिचे पाणी खोल व संथ होते. पंचवटी घाटावरून नाव सुटते. नावाडी वल्ही मारता मारता यमके जुळवून कड्यांचे वर्णन करतो आणि उतारूंना हसवतो. एका ठिकाणी दोन्ही कडे इतके जवळ आले आहेत, की त्या जागेस बंदरकूदनी, म्हणजे माकडाच्या उडीची जागा, असे म्हणतात. नागपूरकडील कुटुंबे, शाळांच्या सहली, देशोदेशीचे प्रवासी असे नाना प्रकारचे लोक हे दृश्य पाहून परततात.

आता असा प्रश्न विचारून पाहू, की नावाड्याने ह्या उतारूंस विकले काय? कापडाच्या दुकानदाराने कापड विकले की ते गिऱ्हाइकाबरोबर जाते आणि दुकानदार दुसरे आणून ठेवतो. नावाड्याने विकलेले दृश्य मात्र जागच्या जागीच राहते. ते उद्या दुसऱ्यास पुन्हा विकता येते. त्यामुळे हा माल कधीच संपणार नाही, असा समज सहज होतो. तो समज चुकीचा आहे. प्रत्येक प्रवासी नकळत येथून काहीतरी नेतो व येथे काहीतरी टाकून जातो. एकाचे कृत्य नगण्य असते. परंतु एका वर्षात येणाऱ्या सर्वांच्या कृत्यांची बेरीज नगण्य नसते.

नाव, वाहन, उपाहारगृह वा निवासगृह ही ह्या व्यवसायाची केवळ साधने होत. त्याचे खरे भांडवल म्हणजे खडक, पाणी आणि सजीव सृष्टी. शहाणा माणूस व्याजावर जगतो व मुद्दलास हात लावीत नाही. हाच नियम निसर्गपर्यटनाच्या व्यवसायास कसा लावावा, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हे तीन प्रकारचे भांडवल खर्च झाल्यास भरून येण्यास लागणारा काळ अगदी भिन्न आहे, आणि त्या काळावरूनच त्या त्या ठिकाणचा नियम ठरतो, ही गोष्ट वाचकांनी आरंभीच ध्यानात घ्यावी.

खडक : न भरून येणारे भांडवल

भेडाघाटचा संगमरवर हा मूळचा चुनखडीच्या जातीचा खडक होय. प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला हा थर भूगर्भातील उष्णतेने व दाबाने पुन्हा स्फटिकरूप झाला आणि त्याचा संगमरवर बनला. ह्यात मॅग्नेशियमचा अंश पुष्कळ असल्यामुळे त्यास डोलोमाइटी संगमरवर म्हणतात. मध्ये मध्ये गडद रंगाच्या अग्निजन्य खडकाच्या भिंती त्याला छेदून गेलेल्या दिसतात. ह्या खडकाचे वय दीडशे कोटी वर्षांहून अधिक आहे. नर्मदेने तो कापून घळई तयार केली, तीही अतिदीर्घ काळ पाणी वाहिल्यामुळे.

परंतु हा खडक वाटतो तितका कठीण नाही. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोस यांच्या मापात हिरा १० अंशांवर, तर डोलोमाइट साडेतीन ते चार अंशांवर येतो. चाकूचे पोलाद साडेपाच अंशांच्या आसपास असते. म्हणजे साध्या चाकूनेही ह्या कड्यावर सहज ओरखडा उठतो. आपले नाव खडकावर कोरून ठेवणाऱ्या प्रवाशास हे काम दोन मिनिटांचे वाटते. ते पुसण्याचे साधन मात्र कोणाजवळही नाही. रंगाने लिहिलेली अक्षरे घासून काढावयाची म्हटली, तरी अक्षरांबरोबर खडकाचा पृष्ठभागही निघून जातो.

भेडाघाट व जबलपूर यांच्या दरम्यान लम्हेटाघाट आहे. डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातील जे खडक भूशास्त्रात लमेटा ह्या नावाने ओळखले जातात, त्यांचे नाव ह्याच घाटावरून पडले. १८२८ मध्ये विल्यम स्लीमन यांना जबलपूर येथे प्रचंड आकाराची हाडे सापडली. पुढे १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी त्यांवरून टायटॅनोसॉरस ह्या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. जीवाश्माचे मोल तो कोणत्या थरात, कोणत्या स्थितीत व कशाच्या शेजारी सापडला ह्यावर अवलंबून असते. आठवण म्हणून खिशात घातलेला तुकडा घरी पोहोचेपर्यंत शास्त्राच्या दृष्टीने मुका होऊन जातो.

म्हणून खडकाविषयीचा नियम सर्वांत सोपा व सर्वांत कडक आहे : काही न्यावयाचे नाही आणि काही कोरावयाचे नाही. वाटाड्याने हा नियम सहलीच्या आरंभीच सांगावा. गुन्हा घडल्यावर रागावून सांगण्याचा उपयोग नसतो. ज्यास आठवणीची वस्तू हवी असेल त्यास गावातील कारागिरांकडे पाठवावे. ते शंखजिऱ्यासारख्या मऊ दगडाच्या मूर्ती व लहान वस्तू घडवितात. त्यामुळे प्रवाशाची हौस भागते, कारागिराच्या घरी चूल पेटते, आणि कडा आहे तसा राहतो.

पाणी : रोज भरून येणारे, परंतु मोजकेच

नदीचे भांडवल याहून वेगळे आहे. नदी स्वतःस शुद्ध करू शकते, हे लोकांचे म्हणणे काही अंशी खरे आहे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून सूक्ष्म जीव पाण्यातील सेंद्रिय मळ, म्हणजे अन्न, फुले, मैला इत्यादी पदार्थ, कुजवितात व त्यांचे साध्या पदार्थांत रूपांतर करतात. वापरलेला प्राणवायू हवेतून पुन्हा पाण्यात येतो. धुवांधारच्या ठिकाणी पाणी फुटून त्याचे असंख्य थेंब होतात, त्यांचा हवेशी संपर्क वाढतो व प्राणवायू भराभर मिसळतो. पुढील घळईत मात्र पाणी खोल व संथ असल्यामुळे ही क्रिया मंदावते.

ह्या शुद्धीस मर्यादा किती आहे ते एका हिशोबाने कळेल. २५ अंश सेल्सियस तपमानाच्या एक लिटर पाण्यात फार झाले तर ८ मिलिग्रॅमांच्या आसपास प्राणवायू विरघळतो. एक किलोग्रॅम साखर पूर्णपणे कुजविण्यास एक किलोग्रॅमहून थोडा अधिक प्राणवायू लागतो. म्हणजे एक किलोग्रॅम साखर पाण्यात पडली, तर सुमारे सव्वा लाख लिटर पाण्यातील सगळा प्राणवायू तिच्यापायी खर्ची पडू शकेल. नवा प्राणवायू सतत येत असल्यामुळे एवढी हानी प्रत्यक्षात होत नाही. परंतु उरलेले अन्न, निर्माल्य व सांडपाणी घाटाघाटावर रोज पडू लागले, तर आवक कमी व खर्च अधिक अशी नदीची अवस्था होते. स्नानयोग्य पाण्यात प्रत्येक लिटरमागे निदान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असे आपल्या देशातील मानक आहे. त्याखाली पाणी गेले की नर्मदेतील महसीर माशासारखे स्वच्छ, वाहत्या पाण्याचे जीव प्रथम संकटात येतात. मध्य प्रदेशाने २०११ मध्ये ह्याच माशास आपला राज्यमासा म्हणून मान दिला आहे.

ह्यावरून निवासगृहाच्या व उपाहारगृहाच्या मालकाचे कर्तव्य स्पष्ट होते. शौचकूप व सांडपाण्याचा शोषखड्डा पुराच्या रेषेपासून दूर असावा. भांडी व कपडे नदीत धुऊ नयेत, कारण साबणाच्या चुऱ्यातील फॉस्फेटांमुळे शेवाळ माजते. निर्माल्याचे व उष्ट्याचे खत करावे. प्लॅस्टिकचे तर कुजणेही होत नाही. त्याचे केवळ बारीक बारीक तुकडे होत जातात व ते माशांच्या पोटात पोहोचतात. एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. पळसाच्या पानांचे द्रोण व पत्रावळी आपल्या पूर्वजांनी कधीच शोधून ठेवल्या आहेत. त्यांसाठी नवीन कारखाना काढण्याचे कारण नाही. गावातील स्त्रियांस काम देण्याची इच्छा मात्र पाहिजे.

नावेविषयीही हेच म्हणता येईल. वल्ह्याची नाव हळू चालते, तिचे तेल पाण्यात सांडत नाही, तिच्या लाटा काठ झिजवीत नाहीत, आणि नावाड्याचे बोलणे सर्वांस ऐकू येते. संथ घळईत घाई करून साधावयाचे तरी काय? उलट सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र जुन्या सवयींवर विसंबू नये. जबलपूरच्या वरच्या अंगास नर्मदेवर बरगी धरण आहे. तेथून पाणी सोडल्यास खालची पातळी व वेग बदलतात. ती सूचना वेळेवर मिळविणे, प्रत्येक उतारूस तरंगणारे जाकीट घालावयास लावणे आणि नावेत ठरल्यापेक्षा एकही माणूस अधिक न घेणे, ही नावाड्याच्या धंद्याची पहिली अट होय. पावसाळ्यात नदी फुगली म्हणजे नौकाविहार बंद राहतो. तो नावाड्यांच्या मिळकतीला तोटा असला, तरी घाटाला व पाण्याला मिळालेली विश्रांती होय.

सजीव सृष्टी : विश्रांती मिळाल्यास भरून येणारे भांडवल

संगमरवरी कड्यांच्या आडोशाला आग्या माश्यांची मोठमोठी पोळी लोंबताना दिसतात. ह्या मधमाश्या पोकळीत घर करीत नाहीत. उघड्यावर एकच विस्तीर्ण पोळे बांधतात आणि हजारो कामकरी माश्या त्यावर थरांवर थर बसून आपल्या देहांचाच पडदा करतात. एक माशी चावली की तिच्या नांगीबरोबर एक गंधद्रव्य बाहेर पडते. तो गंध इतर माश्यांना हल्ल्याची खूण असतो. म्हणूनच एका दंशामागून शेकडो दंश येतात. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या मोजणीवर असलेले इंग्रज अधिकारी येथून नावेने जात असता त्यांवर माश्यांनी हल्ला केला. त्यांपैकी एकाने पाण्यात उडी घेतली व तो बुडाला, अशी हकीकत त्या काळच्या वृत्तांतांत आलेली आहे.

ह्या माश्यांस शत्रू समजून पोळी जाळावी, असे कोणी सुचवील. परंतु आसपासच्या रानातील व शेतातील असंख्य फुलांचे परागण त्या करतात, आणि फुलोऱ्यामागे स्थलांतर करून हंगाम आला की जुन्याच जागी पुन्हा येतात. एकदा उठविलेली वसाहत पोळे सोडून जाते. तेव्हा शहाणपण अंतर राखण्यात आहे. कड्याखाली विडी-सिगारेट पेटवू नये, दगड मारू नये, फटाके उडवू नयेत, ड्रोन नेऊ नये. ह्या माश्या चांदण्या रात्रीही मध गोळा करण्यास बाहेर पडतात व प्रखर दिव्यांकडे ओढल्या जातात. त्यामुळे पौर्णिमेच्या रात्री घळई पाहावयाची असेल तर चंद्राचा प्रकाश पुरेसा आहे; विजेच्या दिव्यांची त्यात भर घालणे सौंदर्याच्या दृष्टीने अनावश्यक व सुरक्षिततेच्या दृष्टीने धोक्याचे ठरेल.

सजीव सृष्टी विश्रांतीने कशी भरून येते, ह्याचे ठळक उदाहरण जबलपूरहून सुमारे १६० किलोमीटरांवर, कान्हा येथे आहे. भेडाघाट पाहून अनेक प्रवासी तेथेच जातात. कान्हा हे १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले व १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट झाले. कठीण जमिनीवरचा बारशिंगा हा हरिणवर्गातील प्राणी १९७० मध्ये येथे केवळ ६६ उरला होता. त्याचे जीवन सर्वस्वी गवतावर अवलंबून आहे. गवताळ कुरणे राखली गेली, शिकार व गुरचराई थांबली, तेव्हा ही संख्या हळूहळू वाढली. आज ती एक हजाराच्या घरात आहे. मात्र ह्यास पाच दशके लागली, हे विसरू नये. शिवाय ह्या विश्रांतीची किंमत बैगा व गोंड कुटुंबांनी आपली गावे सोडून मोजली आहे. त्यामुळे अशा अरण्याच्या दर्शनावर चालणाऱ्या व्यवसायावर त्यांचे ऋण आहे.

प्राण्यापासून अंतर का राखावयाचे? वन्य प्राण्याचा दिवस हा मिळकत व खर्च यांचा काटेकोर हिशोब असतो. चरण्याचा वेळ ही मिळकत, पळणे हा खर्च. वाहन जवळ आले की हरीण मान वर करते. आणखी जवळ आले की पळते. दिवसातून वीस वेळा असे घडले, तर एकही हरीण न मरता कळप अशक्त होतो. पिलांना दडवून ठेवणारी वाघीण दर्शकांच्या गर्दीमुळे जागा बदलते व पिले धोक्यात येतात. २०१२ च्या जुलै महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभाक्षेत्रातील पर्यटन तात्पुरते थांबविले होते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाल्यावर ऑक्टोबरमध्ये ती बंदी उठली. त्या तत्त्वांनुसार गाभाक्षेत्राचा २० टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनास खुला ठेवता येत नाही. प्राण्यापासून निदान २० मीटर, व प्राणी पाहत असताना दोन वाहनांत निदान ५० मीटर अंतर राखावयाचे असते. आमिष दाखविणे व वाट अडविणे निषिद्ध आहे.

किती लोक पुरेत?

येथपर्यंतचे नियम प्रत्येक प्रवाशाच्या वर्तनाविषयी झाले. परंतु सर्वांनी उत्तम वर्तन ठेवले, तरी संख्या अमर्याद असून चालत नाही. ही संख्या ठरविण्याची एक सोपी रीत मिगेल सिफुएन्तेस यांनी कोस्टा रिका येथे १९९२ मध्ये मांडली. तीस धारणक्षमतेची रीत म्हणता येईल. तिच्या तीन पायऱ्या आहेत. एक काल्पनिक घळई घेऊन त्या पाहू.

समजा, घळई २ किलोमीटर लांब आहे आणि प्रत्येक नावेस १०० मीटर मोकळे पाणी हवे. तर एका वेळी २० नावा मावतील. एक फेरी एक तासाची व दिवस आठ तासांचा धरला, तर दिवसाला १६० फेऱ्या होतील. ही पहिली पायरी : जागेने दिलेली संख्या. आता पोळ्यांच्या हंगामात काही भाग वर्ज्य करावा लागतो म्हणून एक चतुर्थांश वजा केला, उरल्या १२०. उन्हाळ्यात पाणी ओसरते म्हणून त्यातून एक पंचमांश वजा केला, उरल्या ९६. ही दुसरी पायरी : निसर्गाने दिलेली संख्या. शेवटी असे दिसले, की जीवरक्षक, जाकिटे, कचरावेचक व शिकविलेले नावाडी गरजेच्या निम्मेच आहेत. तर प्रत्यक्षात ४८ फेऱ्याच सोडाव्यात. ही तिसरी पायरी : व्यवस्थेने दिलेली संख्या.

ह्या गणितातून एक महत्त्वाची गोष्ट हाती येते. मिळकत वाढवावयाची असेल, तर पैसा व श्रम तिसऱ्या पायरीवर लावावे. माणसे शिकविली व साधने वाढविली, तर ४८ च्या ९६ होऊ शकतात. दुसरी पायरी ओलांडण्याचा कोणताही मार्ग मात्र व्यावसायिकाच्या हाती नाही; तेथे घेतलेला प्रत्येक जादा रुपया मुद्दलातून आलेला असतो.

गायरानाचा न्याय

एकटा प्रामाणिक नावाडी अशा वेळी काय करील? त्याने फेऱ्या कमी केल्या, तर ते उतारू शेजारच्या नावेत बसतील. ही अडचण गावच्या गायरानासारखी आहे. प्रत्येकजण आपले एक जनावर अधिक सोडतो आणि गवत सर्वांचेच संपते. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये ही आपत्ती अटळ असल्याप्रमाणे मांडली. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र जगातील अनेक कुरणे, मत्स्यक्षेत्रे व पाटबंधारे यांचा अभ्यास करून दाखविले, की लोक स्वतः नियम करून सामाईक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकवितात. त्यासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी नमूद केलेल्या अटी आपल्या ओळखीच्याच आहेत : हक्कदार कोण हे ठरलेले असावे, नियम वापरणाऱ्यांनीच मिळून करावेत, देखरेख आपसांतूनच व्हावी, आणि मोडणाऱ्यास प्रथम लहान व मग मोठा दंड असावा.

पाळी ठरवून नावा सोडणे, भाडे सर्वांचे एक ठेवणे, आणि त्यातील ठरावीक भाग घाटाच्या स्वच्छतेसाठी व बंदीच्या काळातील नावाड्यांच्या निर्वाहासाठी बाजूस काढणे, एवढे केले तरी कोणासही आपल्या शेजाऱ्याच्या भीतीने नदी लुटण्याची गरज उरत नाही. मिळकतीचा वाटा स्थानिक कुटुंबांच्या हाती पडला, तर तीच कुटुंबे निसर्गाची राखण करतात. तो सर्वच्या सर्व दूरच्या शहरात गेला, तर कोणत्याही पहाऱ्याने हे काम होत नाही.

भेडाघाट व लम्हेटाघाट यांचा प्रदेश २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाला. ह्यापुढे येथे येणाऱ्यांची संख्या वाढेल, असे मानावयास हरकत नाही. नर्मदेची परिक्रमा करणारा यात्रेकरू नदी उजव्या हातास ठेवून चालतो व वाटेत तिला कोठेही ओलांडीत नाही. एका मर्यादेचा स्वीकार करूनच तो तिचे दर्शन घेतो, आणि म्हणूनच शतकानुशतके ही वाट चालू राहिली आहे.

शाळांच्या सहली भेडाघाटास जातील, तेव्हा विद्यार्थ्यांनी वही व पेन्सिल बरोबर न्यावी. एका तासात किती नावा सुटल्या, कड्यांवर किती पोळी दिसली, घाटावर कोणकोणता कचरा आढळला, आणि किती उतारूंनी जाकिटे घातली होती, ह्याची नोंद करावी. पुढील वर्षी दुसऱ्या वर्गाने तीच नोंद त्याच जागी पुन्हा करावी. दहा वर्षांच्या अशा वह्या एकत्र ठेवल्या, तर नर्मदेचे मुद्दल शाबूत आहे की घटत चालले आहे, हे त्या गावासच सांगता येईल.